राहुटीतील शिवणयंत्र

उन्हाळ्याच्या दिवसांत अमेरिकेतील एखाद्या सरोवराकाठी हौशी प्रवाशांचा तळ पडतो. मोटारी झाडांच्या सावलीत उभ्या राहतात, राहुट्या ठोकल्या जातात, मुले पाण्याकडे धावतात आणि वडील मंडळी गळ टाकून काठावर बसतात. अशा वेळी एखादी गृहिणी मोटारीतून एक लहानशी काळी पेटी बाहेर काढते, तळावरील लाकडी मेजावर ठेवते आणि झाकण उघडते. पेटीत असते शिवणयंत्र. शेजारच्या पिशवीतून कापडाचे मापून कापलेले तुकडे निघतात. थोड्याच वेळात पाखरांच्या किलबिलीत यंत्राची घरघर मिसळते आणि गोधडीचा एकेक चौकोन तयार होऊ लागतो.

तेथे या दृश्याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु परक्यास ते चमत्कारिक वाटावे असेच आहे. मनुष्य वनात जातो तो घरचा व्याप घरी ठेवून चार दिवस मोकळे व्हावे म्हणून. मग त्या व्यापातील शिवणासारखे, स्त्रीच्या पाठीस युगानुयुगे लागलेले काम तिने आपण होऊन बरोबर का न्यावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तो इतिहास जितका यंत्राचा आहे, तितकाच स्त्रीच्या वेळेचाही आहे.

तळ आणि शिवण यांचे नाते मुळातच निकटचे. राहुटी ही स्वतःच एक शिवलेली वस्तू होय. डेरा, कनात, खोगीर, पखाल यांपैकी काहीही टाक्यावाचून उभे राहत नाही आणि वाटचालीत सर्वांत आधी उसवतो तोही टाकाच. ग्वाल्हेरकरांस हे सांगावयास नको; त्यांच्या नगराचे एक अंगच तळातून जन्मले आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी घरे झाली, घरांचे नगर झाले आणि नाव मात्र लष्कर हेच राहिले. त्याच्या आदल्या वर्षी शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडणाऱ्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली पत्रे १८१३ साली प्रसिद्ध झाली. फौजेबरोबर चालणाऱ्या बाजाराचे चित्र त्यांत पाहावयास मिळते. चालत्या फौजेला चालता बाजार लागतो आणि चालत्या बाजारात सुई धरणारा हात असावाच लागतो, हा सर्व देशांतील तळांचा नियम आहे.

अमेरिकेत ही सुई फौजेपेक्षा कुटुंबांबरोबर अधिक हिंडली. १८४० नंतरच्या सुमारे तीस वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे मिसूरी नदी ओलांडून पश्चिमेकडे गेली. ऑरेगॉन किंवा कॅलिफोर्निया गाठावयाचे म्हणजे बैलांच्या छपरी गाड्यांतून सुमारे दोन हजार मैलांची वाट तुडवावयाची, आणि तीस चारपाच महिने सहज लागत. ज्या भूमीवरून हे तांडे गेले ती मोकळी नव्हती. तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्या व शिकारीची राने या वाटेने उद्ध्वस्त होत गेली, हेही विसरता येत नाही. गाडीत जागा अपुरी असे. पीठ, खारवलेले मांस, अवजारे आणि मुले यांतून जी जागा उरे, तीत घरच्या गोधड्या ठासून भरल्या जात. त्यांना तिकडे क्विल्ट म्हणतात. वरचे कापड तुकड्यांचे, खालचे अस्तराचे आणि मध्ये कापूस किंवा लोकर, असे तीन थर एकत्र टाचून ते पांघरूण सिद्ध होते.

या गोधड्यांचे उपयोग नाना प्रकारचे होत. त्या रात्री अंगावर असत, दिवसा गाडीतील कठीण बैठकीवर असत, आणि काचेची भांडी त्यांतच गुंडाळलेली असत. काही गोधड्यांवर मागे राहिलेल्या आप्तांनी व शेजारणींनी आपापली नावे लिहिलेली किंवा भरलेली असत. पुन्हा भेट होण्याचा संभव थोडा असल्यामुळे ती नावे हीच भेट ठरे. आणि वाटेत पटकीने कोणी दगावले, तर शवपेटीसाठी फळ्या मिळत नसल्याने घरातील एखादी चांगली गोधडीच त्या देहाभोवती लपेटून त्याला मातीत ठेवीत. तळावरील शिवण त्या काळी विरंगुळा नव्हता. रात्र काढण्याचे आणि कधी कधी निरोप देण्याचे ते साधन होते.

या सुमारासच शिवणयंत्राचा जन्म झाला. इलायस हाउ याने १० सप्टेंबर १८४६ रोजी दुहेरी धाग्याने घट्ट टाका घालणाऱ्या यंत्राचे अमेरिकन पेटंट मिळविले. नवरा यंत्राच्या खटाटोपात असताना पत्नी लोकांचे शिवण करून घर चालवीत होती, असे त्याच्याविषयी सांगतात. १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपले यंत्र पुढे आणले. त्याच्या आरंभीच्या यंत्राची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या लाकडी खोक्यात ते यंत्र बांधून येई, तेच खोके उभे केले की यंत्राचे मेज होई. यंत्र आणि त्याची पेटी यांची सांगड अशी पहिल्या दिवसापासूनची. परंतु ते उचलून हिंडण्याजोगे मात्र मुळीच नव्हते.

सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्यांनी पैसे घेण्याची पद्धत सुरू केली आणि यंत्र सामान्य घरांत शिरले. एका यंत्रविक्रेत्या कंपनीने त्या काळी छापलेल्या तक्त्यात पुरुषाचा एक सदरा हाताने शिवण्यास चौदा तासांहून अधिक वेळ, तर यंत्राने सव्वा तास, असा हिशेब दिलेला आढळतो. विक्रेत्याच्या हिशेबातून थोडी वजावट केली, तरी अंतर मोठेच उरते. आपल्या देशातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाच्या उद्योगामुळे सिंगरचे यंत्र गावोगावच्या शिंप्यांपर्यंत पोचले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा हे देशी यंत्र काढले. महात्मा गांधींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना जे थोडे अपवाद मान्य केले, त्यांत शिवणयंत्र होते. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते शोधले, अशी त्यामागची कथा त्यांना भावली होती. इतिहासातील सिंगर इतका हळवा गृहस्थ नव्हता. त्याचा संसार अनेक ठिकाणी पसरलेला होता आणि त्याचे लक्ष नफ्यावर होते. तथापि गांधीजींचा मुद्दा कथेवाचूनही टिकतो. माणसाला निकामी न करता त्याचा शीण हलका करणारे यंत्र कसे असावे, याचे उदाहरण म्हणून त्यांनी ते पुढे ठेवले होते.

शीण हलका झाला. पण वाचलेला वेळ स्त्रीच्या हाती उरला काय? पुष्कळ अंशी नाही. यंत्र आले तशा कपड्यांच्या झालरी वाढल्या, चुण्या वाढल्या, घरच्यांच्या मागण्याही वाढल्या. कारखान्यांत तेच यंत्र थोड्या मजुरीत दिवसभर राबविले जाऊ लागले. गोधडीच्या बाबतीत मात्र एक निराळी गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक स्त्रियांनी गोधडीवर यंत्राचा टाका मुद्दाम ठळकपणे उमटविला. घरी यंत्र असणे ही अभिमानाची बाब होती, आणि तो अभिमान लपविण्याचे त्यांस कारण वाटले नाही.

१० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि बैलगाड्यांच्या तांड्यांची गरज सरली. योगायोग असा की, त्याच वर्षी विल्यम मरी या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतात राहुट्या ठोकून राहण्याच्या सुखाविषयी पुस्तक लिहिले. ते वाचून त्या उन्हाळ्यात शहरी लोकांची अशी झुंबड उडाली की, अनुभव नसलेल्या त्या प्रवाशांस मरीचे मूर्ख हे नाव पडले. नाइलाजाने पडणारे तळ जेथे संपले, तेथूनच हौसेने पडणारे तळ सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मोटार आल्यावर ही हौस सर्वसाधारण कुटुंबांच्याही आवाक्यात आली. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे अशा मोटारप्रवाशांनी आपला एक संघ स्थापिला. डब्यांतील अन्न खाऊन हिंडणारे म्हणून त्यांनी स्वतःस डबेवाले प्रवासी म्हणवून घेतले आणि मोटारीच्या तोंडावर पत्र्याचा डबा हीच खूण म्हणून डकविली. मोटारीने आणखी एक बदल केला. पाठीवर वाहून नेण्याच्या काळी प्रत्येक शेर वजनाचा विचार करावा लागे. आता चूल, खाट, कंदील, सर्वच बरोबर जाऊ लागले. परंतु चूल बरोबर गेली की ती फुंकणारीही बरोबर गेलीच. पुरुषांची सुट्टी घर सुटताच सुरू होई. बाईचे घर तिच्यामागून तळावर येई. भाकरी, भांडी आणि मुलांचे ओले कपडे यांना सुट्टी नसते.

या कहाणीतील महत्त्वाचे वर्ष म्हणजे १९३३. अमेरिकेत मंदीने कहर केला होता. लक्षावधी लोक बेकार होते. अशा काळात शिकागो येथे शतकाची प्रगती या नावाचे जागतिक प्रदर्शन भरले. त्यानिमित्त सिअर्स रोबक या प्रसिद्ध व्यापारी पेढीने गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. पहिले पारितोषिक हजार डॉलरांचे. मंदीच्या दिवसांत ही रक्कम म्हणजे अनेक घरांचे वर्षभराचे उत्पन्न. देशाच्या कानाकोपऱ्यातून सुमारे चोवीस हजार गोधड्या आल्या. जुन्या पोत्यांचे कापड, फाटके झगे, लग्नातील रेशीम यांतून ज्यांनी हिवाळे काढले होते, त्या हातांना प्रथमच एवढे मोठे व्यासपीठ मिळाले.

पारितोषिक केंटकी राज्यातील लेक्झिंग्टनच्या एका बाईस मिळाले. ताऱ्यांच्या नक्षीची ती गोधडी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नीस भेट देण्यात आली. पुढे बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा दिसून आले की, गोधडी त्या बाईने शिवलेलीच नव्हती; मजुरी देऊन ती इतर स्त्रियांकडून करवून घेतली होती. ज्यांनी टाके घातले त्या स्त्रियांस बक्षिसाचा वाटा मिळाला नाही. सत्य ठाऊक असूनही त्या काळी त्या बोलल्या नाहीत. कारण मंदीत शिवणाचे काम देणारा हात तोडणे त्यांस परवडणारे नव्हते. शतकाच्या प्रगतीचे प्रदर्शन भरले असता, सर्वोत्तम ठरलेल्या वस्तूवर तिच्या कर्त्यांचे नाव नव्हते, ही गोष्ट अंतःकरणास बोचल्यावाचून राहत नाही.

त्याच प्रदर्शनात सिंगर कंपनीने एक लहानसे यंत्र मांडले. त्याचा क्रमांक २२१ आणि लोकांत रूढ झालेले नाव फेदरवेट, म्हणजे पिसासारखे हलके. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे अंग असल्यामुळे त्याचे वजन सुमारे अकरा पौंड, म्हणजे पाच किलो भरे. कापड टेकण्याची फळी बिजागरीवर वर दुमडे आणि सारे यंत्र एका काळ्या पेटीत बसे. अंगालाच जोडलेली विजेची मोटार होती. टाका मात्र एकच, सरळ. त्यापूर्वी काही वर्षे सोहँडी नावाचे याच धर्तीचे छोटे विद्युत्‌यंत्र अमेरिकेत निघाले होते; परंतु लोकमान्यता लाभली ती फेदरवेटला. दुसऱ्या महायुद्धात कारखाने युद्धकार्यास जुंपले गेल्याने त्याचे उत्पादन खंडित झाले. ते पुन्हा सुरू होऊन १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. तोवर अशी दहा लाखांहून अधिक यंत्रे जगभर गेली होती. मग नागमोडी टाका घालणारी नवी यंत्रे आली आणि हे काळे पिल्लू माळ्यावर पडले.

गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांनीच ते माळ्यावरून खाली काढले. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून दाखविल्या. १९७६ साली स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली आणि आजीच्या कलेचा शोध घरोघर सुरू झाला. वर्ग भरू लागले, मेळावे भरू लागले, आणि हातात धरून नेता येईल असे यंत्र हवेसे वाटू लागले. तुकडे जोडण्यास सरळ टाक्याखेरीज काही लागत नाही, आणि सरळ टाका तर हे जुने यंत्र सुरेख घालते. दरम्यान तळांवरही सोयी वाढल्या होत्या. मोटारघरे घेऊन येणाऱ्यांसाठी विजेच्या जोडण्या दिल्या जाऊ लागल्या होत्या. जेथे मेज आणि वीज आहे, तेथे यंत्र चालणारच. जेथे वीज नाही तेथे जुने, हाताने चाक फिरविण्याचे यंत्र आजही उपयोगी पडते. आपल्याकडील शिंप्यांच्या हातमशीनचेच ते भावंड होय.

तळावर सारी गोधडी पुरी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तीन थर ताणून बसविण्याची मोठी चौकट राहुटीत मावत नाही आणि लहान यंत्राच्या बाहूखालून जाडजूड पांघरूण सरकत नाही. म्हणून कामाची वाटणी ठरलेली असते. कापणे, मापणे आणि तुकड्यांच्या घड्या लावणे घरी होते. पाव इंचाची शिवण धरून तुकड्यास तुकडा आणि चौकोनास चौकोन जोडणे तळावर होते. थर टाचण्याचे काम पुन्हा घरी होते. पाऊस लागून मंडळी राहुटीत कोंडली गेली की हेच काम सर्वांत पुढे सरकते. अशा गोधडीत मग त्या त्या मुक्कामाची आठवणही शिवली जाते.

यंत्राचा टाका हा खरा टाकाच नव्हे, असे म्हणणारे लोक मात्र बराच काळ होते. हाताने घातलेल्या टाक्याचा मान त्यांना राखावयाचा होता आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु १९८९ साली केंटकी राज्यातील पाडुका येथे भरलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या गोधडीस सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळाले. तिचे थर यंत्राने टाचलेले होते आणि त्या प्रदर्शनात असा मान मिळविणारी ती पहिलीच यंत्रशिवण होती. ज्या राज्यात १९३३ साली हाताचे काम करणाऱ्यांची नावे झाकली गेली, त्याच राज्यात छप्पन्न वर्षांनी यंत्रावर काम करणारीचे नाव उजळ माथ्याने पुकारले गेले. टाका हाताचा की यंत्राचा, या वादाहून टाका कोणाचा, हा प्रश्न मोठा आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मराठी वाचकास हा प्रश्न परका नाही. नऊवारी लुगडे विरले की त्याचे थर लावून, जमिनीवर पसरून, चारचौघी भोवती बसून धावदोऱ्याने गोधडी किंवा वाकळ शिवण्याची रीत घरोघर होती. बेळगावच्या दक्षिणेस, हल्याळ व यल्लापूरच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यास गुलाम म्हणून आणले गेले होते आणि तेथून सुटून या रानांच्या आश्रयास आले होते. कवंदीचे तुकडे कडेपासून लावीत मध्याकडे जातात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाची फुले बसवितात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली, असे मानीत नाहीत. थंडी निवारण्यास त्या फुलांचा काही उपयोग नाही. तरीही ती बसविली जातात; कारण गरजेपोटी केलेल्या कामातही स्वतःसाठी काही राखून ठेवावे, असे करणारीस वाटते.

सरोवराकाठी काळी पेटी उघडणाऱ्या बाईविषयीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या फुलांत आहे. तिच्या पणजीने तळावर शिवले ते रात्र काढण्यासाठी. आजीने शिवले ते घर चालविण्यासाठी, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या नावावर. तिची राहुटी दुकानातून आलेली आहे, पांघरूणही दुकानात मिळते. तिने शिवलेच पाहिजे, असे आता काहीही राहिलेले नाही. म्हणूनच ती शिवू शकते. जे काम सोडण्याची मोकळीक मिळाली, तेच काम तिने पुन्हा हाती घेतले, आणि या खेपेस ते आपले म्हणून घेतले. व्याप आणि विसावा यांत अंतर असते ते कामाचे नव्हे. करणाराच्या इच्छेचे असते.

मात्र ही मोकळीक सर्वत्र सारखी पोचलेली नाही. जगातील असंख्य स्त्रिया आजही दिवसभर यंत्रापुढे बसून दुसऱ्याच्या नावाचे कपडे शिवीत आहेत. तळावरील त्या छोट्या यंत्राची घरघर ऐकताना, १९३३ च्या त्या निनावी हातांबरोबर आजच्या या हातांचीही आठवण ठेवली पाहिजे. गोधडी उबदार होते ती तिच्या तिन्ही थरांमुळे. वर दिसणाऱ्या रंगीत तुकड्यांइतकेच आतल्या, न दिसणाऱ्या थराचेही ते काम असते.